‘तंबाखू : नाही’ – पित्ताशयाच्या एका शस्त्रक्रियेचं प्रकरण

रुग्ण : स्त्री, वय ५६, वजन ५८ किलो. सांगलीत हळद निवडायच्या कामाला रोजंदारीवर जाणारी. रक्तदाब सहा वर्षांपासून, रोज रात्री अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची एक गोळी. मधुमेह नाही. पित्ताशयात खडे, वर्षभरात तीनदा पोटात कळा येऊन सलाइनवर राहिलेली. दाखल होताना रक्तदाब १४८/९०, नाडी ८२, हिमोग्लोबिन ११.२. ठरलेली शस्त्रक्रिया दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची. प्रत्यक्षात पोट उघडावं लागलं, आणि त्याच रात्री दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागलं.

मी त्या सर्जिकल वॉर्डची इनचार्ज. ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. आकडे मात्र चार्टवरचे तसेच ठेवलेत, कारण हे प्रकरण त्या आकड्यांचंच आहे. रुग्णाला आम्ही सगळ्या आक्का म्हणत होतो. इथेही तेच.

आदल्या दिवशी

सांगली-मिरज हा दवाखान्यांचाच पट्टा. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून इथे जतपासून पलीकडे कर्नाटकापर्यंतचे रुग्ण येतात. आमच्या वॉर्डात एका खाटेवर कानडी, दुसऱ्या खाटेवर माणदेशी, तिसऱ्या खाटेवर कृष्णाकाठची मराठी असते. प्रश्न छापील फॉर्मवरचा एकच, पण तो प्रत्येक खाटेवर वेगळा ऐकला जातो. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. एकदा एका काकूंना ‘सकाळी उपाशी राहायचं’ सांगितलं, तर त्यांनी उपवास धरला आणि पहाटे वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाऊन तयार होऊन बसल्या. तेव्हापासून आम्ही ‘उपाशी’ हा शब्दच टाकला. ‘रात्री दहानंतर घास नाही, चहा-दूध नाही, पाणी सकाळी सहापर्यंत चालेल, ते पण मी सांगेन तेवढंच’ असं सांगतो. भूल देण्याआधी जड जेवणाला आठ तास, हलक्या खाण्याला आणि दुधाला सहा, नितळ पाण्याला दोन, हा त्यामागचा हिशेब. दुधाचा चहा लोकांना पाण्यात धरावासा वाटतो. तो दुधातच धरायचा.

एवढं शहाणपण खाण्याच्या प्रश्नाला आलं होतं. तंबाखूच्या प्रश्नाला आलं नव्हतं.

आक्का दाखल झाल्या संध्याकाळी साडेपाचला. सोबत नवरा, मुलगा, सून. फॉर्म भरायला एक शिकाऊ मुलगी होती, तिसऱ्या वर्षाची, कामाला चटपटीत. तिने पहिल्याच दमात सांगितलं, ‘आजी, या बांगड्या निघाल्या नाहीत तर फोडाव्या लागतील.’ मी दुसऱ्या खाटेशी होते. मागे वळून पाहिलं तर आक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

‘माझा मालक जित्ता हाय,’ एवढंच म्हणाल्या.

हातात हिरवा चुडा, एकेका हातात सात-आठ. रक्त थांबवायला कॉटरीचा, म्हणजे विजेवरच्या अवजाराचा, करंट वापरायचा असतो, अंगावर धातू असेल तर त्या जागी भाजू शकतं, म्हणून मंगळसूत्र, जोडवी, नथ काढायची; काच तडकून टोचायला नको आणि सलाइनला हात मोकळा हवा, म्हणून बांगड्या. हे कारण पोरीला पाठ होतं. पण सवाष्ण बाईच्या बांगड्या फोडत नाहीत, वाढवतात. हाताने फुटली तरी ‘बांगडी वाढली’ म्हणतात. नवरा समोर उभा असताना आणि उद्या पोट कापायचं असताना ‘फोडायच्या’ हा शब्द त्या बाईच्या कानात कसा शिरला असेल! मी जाऊन बसले. म्हटलं, ‘आक्का, फोडायचं काही नाही. वाढवायच्या आहेत, त्या पण दोन दिवसांपुरत्या.’ हाताला साबण लावला, बोटांवरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि एकेक सरकवून घेतली. पंधरापैकी एक तडकली, बाकी सगळ्या रुमालात बांधून सुनेकडे दिल्या. मंगळसूत्रही तिच्याकडेच, नोंद करून, सही घेऊन. अर्धा तास गेला. तो अर्धा तास मला वाया गेल्यासारखा वाटत नाही, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली. पोरगी उरलेला फॉर्म भराभर उरकायला लागली आणि आक्का प्रत्येक प्रश्नाला मान हलवून मोकळ्या होऊ लागल्या.

‘दमा?’ न्हाय. ‘आधी ऑपरेशन?’ न्हाय. ‘कसली अ‍ॅलर्जी?’ न्हाय. ‘तंबाखू खाता?’ न्हाय.

फॉर्मवर ‘तंबाखू : नाही’. खाली तिची सही, शेजारी माझी.

आक्का खोटं बोलल्या नव्हत्या. त्या तंबाखू खात नव्हत्या, मिश्री लावत होत्या. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. आमच्याकडच्या बायका याला दात घासणं म्हणतात. तंबाखू खातो तो गडी. गुटखा खातो तो पोरगा. बाई मिसरी लावते, तोंड धुते. ज्या बाईला रोज पाच-सहा वेळा मिश्री लागते, तिच्या रक्तात निकोटिन एखाद्या विडीवाल्यासारखंच खेळत असतं. पण ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नात ती बसतच नाही.

संमतीपत्रावर मात्र काम नीट झालं होतं. दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, हे सर्जननी आक्कांना स्वतः चित्र काढून सांगितलं आणि सही नवऱ्याची नाही, त्यांचीच घेतली. रक्तगट काढला होता. रक्त राखून ठेवलं नव्हतं. एरवी या शस्त्रक्रियेला आम्ही ठेवत नाही.

सकाळ आणि ओटी

सहाला रात्रपाळीच्या सिस्टरने विचारलं, ‘तोंडात काही घेतलं का?’ उत्तर आलं, ‘काय न्हाय, फकस्त तोंड धुतलं.’ चेकलिस्टवर बरोबरची खूण.

भूलतज्ज्ञांनी तोंड उघडून पाहिलं, खालचे दोन दात हलतात हे लिहिलं, आणि पुढे ‘हिरड्या काळ्या, मुखस्वच्छता खराब’ असंही लिहिलं. ही नोंद नंतर मी तीनदा वाचली. तिथे मिश्री स्पष्ट लिहिलेली होती, फक्त तिचं नाव लिहिलेलं नव्हतं. भूल देताना रक्तदाब १७८/१०० गेला. पहाटेच्या मिश्रीने नाडी आणि रक्तदाब चढू शकतो. भीतीनेही चढतो, आणि ज्या बाईने आदल्या संध्याकाळी बांगड्या उतरवल्या तिला भीती असणारच. सगळं मिश्रीच्या माथी मारायचं नाही. या प्रकरणात ती चूक पुढे होतेच आहे.

ओटीतलं मी थोडक्यात सांगते, कारण तिथे चुकलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा यादी २००८ साली आली. भूल देण्याआधी, काप घेण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी असे तिचे तीन थांबे. तिन्ही थांबे पाळले. अँटिबायोटिक काप घेण्याआधी तासाच्या आत गेलं. वारंवार सूज येऊन गेल्यामुळे आत सगळं चिकटलेलं होतं, म्हणून ४५ मिनिटांनी सर्जननी दुर्बीण बाजूला ठेवून उजव्या बरगडीखाली पोट उघडलं. अशा बदलाच्या क्षणी मोजणी हुकते. घाई असते, नवी ट्रे उघडते, मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, भराभर मागितले जातात. आमच्या फ्लोअर सिस्टरने काप घेण्याआधी सगळ्यांना एक मिनिट थांबवलं, नव्या ट्रेची अवजारं आणि दहा मॉप स्क्रब सिस्टरबरोबर मोठ्याने मोजले, फळ्यावर लिहिले. पोट बंद करण्याआधी दहा, कातडी शिवताना दहा. सर्जन चिडखोर आहेत, त्या मिनिटाला ते काही बोलले नाहीत. लघवीसाठी नळी घातली, यकृताखाली एक ड्रेन, म्हणजे आत साचेल ते बाहेर काढणारी नळी, ठेवला. रक्तस्राव अंदाजे १५० मिली.

रिकव्हरीत आल्ड्रेट गुण दहापैकी नऊ झाल्यावर सव्वा वाजता आक्का वॉर्डात आल्या. हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि ऑक्सिजन या पाच गोष्टींना प्रत्येकी दोन गुण, निदान नऊ झाल्याशिवाय रिकव्हरी सोडायची नाही. गुण मिळाले याचा अर्थ भूल उतरली एवढाच. पोटात पुढे काय होणार, ते या गुणांत येत नाही.

दुपार ते रात्र

वॉर्डातली नोंद पहिला तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे दोन तास दर अर्ध्या तासाने, मग दर तासाला. एकही वेळ चुकलेली नाही. दोन-दोन तासांचे आकडे असे :

दुपारी २ – नाडी ८४, रक्तदाब १३६/८२, ड्रेन ४० मिली.
४ – नाडी ८८, रक्तदाब १३२/८०, लघवी तासाला ४० मिली.
६ – नाडी ९४, रक्तदाब १२६/७८, लघवी ३५, ड्रेन एकूण ६०.
८ – नाडी १०२, रक्तदाब ११८/७६, लघवी २५, ड्रेन ६०.
१० – नाडी ११२, रक्तदाब १०८/७४, लघवी १५, ड्रेन ६०.

असे एकाखाली एक मांडले की शिकाऊ मुलीही बोट ठेवून सांगतात. पण वॉर्डात ते एकाखाली एक नव्हते. आठ वाजता पाळी बदलते आणि आठ वाजताच आमच्या चार्टचं पान बदलायचं. रात्रीच्या सिस्टरच्या समोर नवं कोरं पान होतं आणि त्यावर एकच ओळ : १०२, ११८/७६. ओव्हर देताना संध्याकाळची सिस्टर म्हणाली, ‘बीपी आता छान कंट्रोलमध्ये आहे, दुखतंय म्हणून नाडी जरा जास्त, पॅरासिटामॉल दिलंय.’ यातला एकही शब्द खोटा नाही. ११८/७६ हा कुणाही माणसाचा छान रक्तदाब आहे. १४८/९० घेऊन आलेल्या बाईचा नाही. आम्ही तो पुस्तकातल्या माणसाशी ताडून पाहिला, तिच्याशी ताडून पाहिला नाही.

साडेआठपासून आक्का अस्वस्थ. मास्क ओढून काढतात, उठून बसायला बघतात, उजवा खांदा दुखतो म्हणतात. ‘जीव कसानुसा हुतोय’ हे त्यांचं वाक्य चार्टवर तसंच लिहिलेलं आहे, आणि ज्या सिस्टरने ते स्वतःच्या भाषेत न बदलता लिहिलं तिचं मी कौतुक करते. तिच्या जागी मी असते तर कदाचित ‘रुग्ण बेचैन’ लिहून मोकळी झाले असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटलाला डिवचलं की खांदा दुखतो, हे आम्ही रोज रुग्णांना समजावतो. म्हणून खांद्याला उत्तर तयार होतं.

पावणेदहाला सून सिस्टरला बाजूला घेऊन गेली. हातात पत्र्याची छोटी डबी. ‘सिस्टर, रागवू नगा. आत्तींस्नी मिसरी लागती. दिसात पाच-सा येळा. सकाळधरनं न्हाय, म्हनून असं करत्यात. येक बोट लावू का?’

इथे सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं. पंधरा-सोळा तास तंबाखू नाही, म्हणजे तलफ. तलफेने माणूस चिडचिडतो, घाबरतो, त्याला झोप येत नाही, एका जागी बसवत नाही. सगळं जुळत होतं. ड्यूटीवरचे डॉक्टर खाली कॅज्युअल्टीत अपघाताच्या केसमध्ये होते. त्यांना फोन लावला, तर ते म्हणाले, ‘मिश्रीवाली आहे ना, मग तेच. झोपेचं अर्धं इंजेक्शन देऊ या, मी अर्ध्या तासात येतो.’

संध्याकाळी जी माहिती हवी होती ती रात्री मिळाली, आणि मिळाली ती नको त्या ठिकाणी बसली.

सिस्टर का थांबली

रात्रीची सिस्टर आमच्यातली सगळ्यांत नवी, दीड वर्षाची नोकरी. तिने इंजेक्शन भरलं नाही. का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, ‘मॅडम, बीपीच्या गोळीमुळे.’ नऊ वाजता मुलगा आक्कांची रोजची गोळी विचारायला आला होता. तिने वरचं बीपी ११२ पाहून ती थांबवली आणि ‘पूर्वी किती असायचं’ म्हणून फायलीतलं दाखल होतानाचं पान उघडलं होतं. तिथे १४८ होतं. ते डोक्यात राहिलं. दहाला १०८ लिहिताना तिने मागचं पानही उलटलं आणि दोन्ही पानं शेजारी धरली.

दुसरं तिला नर्सिंगच्या वर्गातलं आठवलं. निकोटिन नाडी वाढवतं. ते बंद झालं की नाडी उतरते, चढत नाही. तलफेने आक्का चिडल्या असत्या, रडल्या असत्या, पण त्यांची नाडी ८४ वरून ११२ झाली नसती. मिश्रीने बेचैनी उलगडत होती, आकडे उलगडत नव्हते.

मग ती खाटेशी गेली आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. आणि इथे एक अडचण आली, जी कुठल्या पुस्तकात मी वाचलेली नाही. फिकेपणा पाहायचा तर आपण तळहात पाहतो, नखं पाहतो, हिरड्या-ओठ पाहतो. आक्कांचे तळहात आणि नखं हळदीने पिवळी. सांगलीच्या हळदीत हंगामभर हात घातलेल्या बाईचे हात दोनदा साबण लावून पांढरे होत नाहीत. हिरड्या मिश्रीने काळ्या. तिने खालची पापणी ओढली : आत कागदासारखी पांढरी. नखावर दाबून रंग परततो का ते कळेना, म्हणून छातीच्या मधल्या हाडावर बोट दाबलं. रंग परतायला चार सेकंद. दोनच्या आत परतायला हवा. हात मनगटापर्यंत गार, कपाळावर गार घाम, श्वास मिनिटाला २४. साखर १२८, म्हणजे ते कारण नाही. लघवीची नळी पिळलेली नाही, ओटीपोट फुगलेलं नाही, म्हणजे लघवी अडलेली नाही, तयारच होत नाही. ५८ किलोच्या बाईला तासाला निदान २९ मिली हवी. जखमेवरची पट्टी कोरडी. पोट मात्र संध्याकाळपेक्षा घट्ट. ड्रेनची नळी तिने बोटांनी वरून खाली पिळली, तर गडद गुठळी सरकून आली.

सहापासून दहापर्यंत ड्रेन ६० वरच थांबला होता आणि सगळ्यांनी ती चांगली गोष्ट समजली होती. रक्त थांबलं की ड्रेन थांबतो, तसा गुठळीने तोंड बंद झालं तरीही थांबतो.

तिने सर्जनना थेट फोन लावला नाही, ड्यूटी डॉक्टरांनाच पुन्हा लावला. क्रम पाळला, पण शब्द बदलले. पहिल्या फोनला ती म्हणाली होती, ‘पेशंट खूप रेस्टलेस आहे.’ दुसऱ्याला म्हणाली, ‘सर, खाट नंबर नऊ, आज पित्ताशयाचं पोट उघडून ऑपरेशन. येताना बीपी १४८, दुपारी १३६, आता १०४. नाडी ११८, बीपीच्या वर गेली. लघवी तासाला पंधरा. पापणी पांढरी, हात गार. ड्रेनमध्ये गुठळी. मला पोटात रक्तस्राव वाटतोय. झोपेचं इंजेक्शन मी दिलेलं नाही. तुम्ही आत्ता वर या, तोवर मी दुसरी लाइन घालते आणि क्रॉसमॅचला पाठवते.’ डॉक्टर चार मिनिटांत वर आले.

नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्याला ओलांडून जातो तेव्हा नखं-पापण्या बघायला वेळ नसतो, असं आमचे एक जुने सर्जन सांगायचे. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागलं तर धडधाकट माणसात ०.५ ते ०.७ येतं. आक्कांचं दुपारी ०.६२ होतं, आठला ०.८६, दहाला १.०४. आठ वाजताच ते बोलत होतं. वरच्या-खालच्या रक्तदाबातलं अंतर दुपारी ५४ होतं, साडेदहाला २८. आवळत चाललेलं हे अंतरही रक्त कमी पडत असल्याची खूणच.

पुढे सगळं वेगाने झालं. ऑक्सिजन वाढवला, दुसऱ्या हाताला सलाइनची जाड सुई (इंट्राकॅथ), कोमट केलेलं आरएल सलाइन, रक्त जुळवायला (क्रॉसमॅच) नमुने रक्तपेढीकडे. ओटी आणि भूलतज्ज्ञांना निरोप. सुनेला सिस्टरने स्वतः सांगितलं, ‘मिसरीमुळे नाही, पोटात रक्त साचतंय असं वाटतंय, डबी पिशवीत ठेवा, तोंडात काही द्यायचं नाही.’ हिमोग्लोबिन ८.६. खाटेवरच सोनोग्राफी : पोटात मोकळं द्रव. सर्जन अकराला आले. आक्का शुद्धीवर होत्या, दुसरी सही त्यांनीच केली, थरथरत्या हाताने. पावणेबाराला पोट पुन्हा उघडलं. पित्ताशयाच्या जागेतल्या एका लहान रोहिणीवरची क्लिप सुटली होती. रक्त आणि गुठळ्या मिळून सुमारे ९०० मिली. बाईच्या अंगात किलोमागे ६५ मिली धरलं तर आक्कांचं एकूण रक्त पावणेचार लिटर. जवळजवळ चौथा हिस्सा पोटात गेला होता. एवढं जाईपर्यंत झोपलेल्या माणसाचा रक्तदाब तग धरतो, आणि म्हणून ११८/७६ ने आम्हाला फसवलं. दोन पिशव्या रक्त चढवलं. प्रत्येक पिशवी दोघींनी मिळून नाव, नोंदणी क्रमांक, गट, मुदत वाचून लावली. पहिली पंधरा मिनिटं एक जण खाटेपाशीच उभी.

नंतरचे दिवस

तिसऱ्या दिवशी खरी तलफ आली, आणि ती पाहायला मिळाली हे आमचं नशीब. आक्का सुनेवर ओरडल्या, ताट सरकवलं, रात्रभर टक्क जाग्या. नाडी ७६, रक्तदाब १४०/८६, हात गरम, लघवी भरपूर. शिकाऊ मुलींना मी मुद्दाम दोन्ही चार्ट शेजारी ठेवून दाखवले : ही तलफ, आणि तो रक्तस्राव. वरून दोन्ही बाया सारख्याच बेचैन.

बरगडीखालच्या जखमेने खोल श्वास दुखतो, म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि ताप येतो. दोनदा भूल दिलेल्या, मिश्री लावणाऱ्या बाईत ही भीती जास्त. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचं, तासाला दहा खोल श्वास, श्वास आत ओढून स्पायरोमीटरचे तीन गोळे वर उचलायचे. आक्कांना गोळे आवडेनात. शेवटी सिस्टर म्हणाली, ‘चूल फुंकायच्या उलट, आक्का; आत ओढायचं.’ ते जमलं. पाय पहिल्या दिवसापासून खाटेवरच हलवले, दुसऱ्या दिवशी खाली उतरवलं, तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत.

नवऱ्याने घरची हळद आणली होती, जखमेवर भुरभुरायला. स्वतःच्या रानातली, सेलम जातीची, भेसळ नसलेली. अभिमानाने दाखवत होते. ‘जखम आम्ही निर्जंतुक ठेवलीय, तिला काहीच लावायचं नाही, ही हळद दुधातून द्या, खायला परवानगी मिळाली की’ असं सांगून ती कपाटात ठेवली. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, जखमेपर्यंत ऑक्सिजन कमी पोचतो आणि ती भरायला वेळ लागतो, हे मी आक्कांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘मंग टाकं सुटतील?’ सुटतीलच असं नाही, पण जोखीम वाढते, असं प्रामाणिक उत्तर दिलं. आठव्या दिवशी घरी गेल्या.

या प्रकरणावर आमची बैठक झाली. संध्याकाळची सिस्टर रडली. तिला कुणी बोललं नव्हतं, पण सहाची आणि आठची ओळ तिच्या हातची होती. माझं मत मी तिथे मांडलं ते इथेही लिहिते : सहाला कळायलाच हवं होतं असं मी म्हणणार नाही, आठला कळायला हवं होतं, आणि ते तिच्या एकटीला नाही. तीन वेळा तीन जणींनी नियमाने आकडे लिहिले, आठपर्यंत एकीनेही मागचं पान उलटलं नाही, कारण चार्ट तसा छापलेला होता. फॉर्मवर सही माझी होती. सर्जनचं म्हणणं वेगळं पडलं. ते म्हणाले, क्लिप माझी सुटली, बाकी सगळं त्याच्यानंतरचं. तेही खरंच.

चार्ट आता चोवीस तासांचा एकच लांब कागद आहे, आणि माथ्यावर लाल शाईने दाखल होतानाचा रक्तदाब. दाखल फॉर्मवरचा तंबाखूचा प्रश्न आम्ही खोडला. त्या जागी आता मिश्री, मशेरी, तपकीर, विडी, गुटखा, पानात घालून, अशी नावं आहेत, आणि पुढे दिवसाला किती वेळा व शेवटची कधी. प्रश्न घरच्या पुरुषांना बाहेर पाठवून विचारायचा. आणि सकाळी ‘तोंड धुतलं का’ याचं उत्तर ‘व्हय’ आलं तर पुढे ‘कशाने’ हे विचारायचं. पहिल्या महिन्यातच बायकांच्या रकान्यात इतक्या मिश्र्या निघाल्या की भूलतज्ज्ञ म्हणाले, आजवर आपण काय भरत होतो?

बाराव्या दिवशी आक्का टाके काढायला आल्या. हातात नवा चुडा, कासाराकडून भरून आणलेला. फॉर्म घेऊन तीच शिकाऊ मुलगी बसली होती.

‘तंबाखू?’

‘न्हाय.’

‘मिसरी?’

आक्कांनी सुनेकडे पाहिलं. ‘सकाळची तेवडी. येकदाच.’

पोरीने लिहिलं : दिवसाला एकदा, शेवटची आज सकाळी सहाला.